तुला हे सुचले कुठून? : ‘वर्किंग गर्ल’ आणि श्रेयाचा प्रश्न

‘वर्किंग गर्ल’ या नावाचे मराठी करायला बसले की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. ‘नोकरी करणारी मुलगी’ म्हटले तर शब्दार्थ येतो, पण नावातली खोच निघून जाते. इंग्रजी बोलीत या दोन शब्दांचा दुसरा अर्थ देहविक्रय करणारी स्त्री असा आहे. माइक निकल्स यांच्या १९८८ सालच्या या चित्रपटाला तो अर्थ चांगला ठाऊक आहे. सुरुवातीलाच टेस मॅगिल या सेक्रेटरीला तिचा साहेब, लट्झ, एका अधिकाऱ्याला भेटायला पाठवतो. बढतीसाठी मुलाखत आहे अशा समजुतीने ती जाते. लिमोझिनमध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात येते, की समोरच्या माणसाला तिच्या पदवीशी काही देणेघेणे नाही. परत येऊन ती कचेरीतल्या शेअरभावांच्या सरकत्या फलकावर साहेबाची कीर्ती सर्वांसमोर झळकवते, आणि त्यात त्याला भडवा म्हणते.

इथे मात्र आपल्या भाषांनी अनुवादकासाठी एक शब्द राखून ठेवला आहे. शेअरबाजारात मध्यस्थी करतो तो दलाल, आणि बायका पुरवतो तोही दलाल. मुंबईचा शेअरबाजार ज्या रस्त्यावर आहे त्याचे नावच दलाल स्ट्रीट. मराठीबाहेरच्या वाचकांनाही, निदान हिंदी, गुजराती आणि बंगाली वाचकांना, हा शब्द अनोळखी नाही. लट्झचे दोन्ही उद्योग या एका शब्दात मावतात. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात. नावाच्या अनुवादात जे हातचे गेले ते इथे व्याजासकट परत येते.

हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी तो मला आधी बोलण्याविषयीचा चित्रपट वाटला, मग प्रेमाविषयीचा. कोण कसे बोलते, कोणाचे बोलणे ऐकून घेतले जाते, आणि बोललेल्या गोष्टीवर नाव कोणाचे लागते, हे त्याचे खरे प्रश्न आहेत. महत्त्वाकांक्षी स्त्रीची प्रणयविनोदी कथा म्हणून तो ओळखला जातो. ते बरोबरच आहे. पण महत्त्वाकांक्षा म्हणजे इथे नेमके काय, ते पाहिले पाहिजे. टेसला खुर्ची हवी आहे, मोठा पगारही हवा आहे. त्याहून आधी तिला हवे आहे ते एवढेच, की आपल्याला सुचलेली गोष्ट आपली आहे हे कोणीतरी मान्य करावे.

कथा थोडक्यात सांगते. टेस (मेलनी ग्रिफिथ) न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहते आणि रोज फेरीबोटीने मॅनहॅटनला कामाला जाते. चित्रपट सुरू होतो त्या दिवशी तिला तीस वर्षे पूर्ण झालेली आहेत. रात्रीच्या वर्गांना जाऊन तिने पदवी मिळवली आहे, पण वित्तसंस्थेतल्या मोठ्या जागा नामांकित विद्यापीठांतून आलेल्यांसाठी आहेत. लट्झ-प्रकरणानंतर तिची नेमणूक कॅथरिन पार्करकडे (सिगर्नी वीव्हर) होते. नवी साहेबीण टेसपेक्षा जराशी लहानच आहे. ट्रास्क नावाच्या उद्योगपतीला माध्यमक्षेत्रात शिरायचे आहे, तर त्याने दूरचित्रवाणीच्या मागे न लागता रेडिओ केंद्रे विकत घ्यावीत, अशी कल्पना टेस तिच्यापुढे मांडते. यात एक व्यावहारिक मेख आहे: प्रसारणाच्या धंद्यातल्या परकी मालकीवर अमेरिकी कायद्याने मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे रेडिओ हाती असला तर कंपनी परदेशी खरेदीदाराने गिळण्याची भीती कमी होते. कॅथरिन काही दिवसांनी सांगते, की वरच्यांना ही कल्पना पटली नाही. मग बर्फावर स्कीइंग करताना तिचा पाय मोडतो, टेस तिच्या घराची देखभाल करायला जाते, आणि तिथे तिला कळते की कॅथरिनने ती कल्पना स्वतःची म्हणून जॅक ट्रेनर (हॅरिसन फोर्ड) या दुसऱ्या संस्थेतल्या अधिकाऱ्याकडे पाठवायची तयारी केली आहे. त्याच रात्री घरी तिचा प्रियकर मिक (अ‍ॅलेक बाल्डविन) दुसऱ्या मुलीबरोबर बिछान्यात सापडतो. मग टेस केस कापते, कॅथरिनचे कपडे घालते, सेक्रेटरी असल्याचे लपवते, आणि जॅकला हाताशी धरून तो व्यवहार स्वतःच जमवायला निघते.

आता बोलण्याकडे येते. टेस कचेरी सुटल्यावर उच्चार सुधारण्याच्या वर्गाला जाते. मिकला याचे नवल वाटते. तू नीट तर बोलतेस, असे त्याचे म्हणणे. त्याच्या दृष्टीने ते खरेही आहे, कारण स्टेटन आयलंडवर ती नीटच बोलते. पाण्याच्या पलीकडे तेच बोलणे तिच्या जातकुळीचा दाखला होते. कॅथरिन अंथरुणाला खिळलेली असताना टेस तिच्या ध्वनिफिती लावते आणि एकेक वाक्य तिच्यामागून म्हणत बसते. स्वर खाली, वेग संथ, शब्दाच्या शेवटाला घाई नाही. ज्यांनी परभाषेतला एखादा लेखक मराठीत आणायचा प्रयत्न केला आहे त्यांना ही साधना ओळखीची वाटेल. आधी त्याचा श्वास कुठे तुटतो ते ऐकायचे, मग आपला श्वास तिथे तोडून पाहायचा. विनोदी प्रसंग म्हणून तो सुरेख आहे, आणि त्यात एक बोचही आहे: अधिकार हा मुळात उच्चार आहे, तो पाठ करता येतो, आणि पाठ करता येतो म्हणजेच जन्मजात नाही.

दिग्दर्शकाला हे आतून माहीत असणार. निकल्स यांचा जन्म बर्लिनचा. नाझी राजवटीतून सुटून १९३९ मध्ये ते अमेरिकेला पोचले तेव्हा सात वर्षांचे होते आणि त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. चित्रपटाच्या सुरुवातीला कॅमेरा स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती फिरतो आणि तिथून कामाला निघालेल्या बायकांच्या बोटीवर उतरतो. कार्ली सायमन यांचे ऑस्कर मिळवलेले गाणे त्यावर एखाद्या स्तोत्रासारखे चढत जाते. वरवर पाहता हा न्यू यॉर्कचा नेहमीचा देखावा आहे. निकल्स यांच्या हातात त्याचा अर्थ बदलतो. रोजची फेरीबोट ही स्थलांतरितांची बोट होते. एकाच शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर, टेस परदेशी आहे.

इंग्रजीत एक गोष्ट झाकली जाते आणि मराठीत ती उघडी पडते. पहिल्या दिवशी कॅथरिन टेसला मोठ्या आपुलकीने सांगते, की आपण एकमेकींच्या सहकारी आहोत, मला नावानेच हाक मार, तुझ्या कल्पना माझ्यापर्यंत येऊ देत. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्यामुळे ही समता फुकटात मिळते. हेच संवाद मराठीत लिहू लागले की पहिल्याच ओळीला अडते. कॅथरिन टेसला ‘तू’ म्हणेल, यात शंका नाही. टेस कॅथरिनला काय म्हणेल? ‘तू’ म्हणवणार नाही. ‘तुम्ही’ म्हटले की कॅथरिनचे सगळे भाषण खोटे ठरते. हिंदीत ‘आप’ आणि ‘तुम’ यांत निवड करावी लागेल. बंगालीत ‘आपनि’, ‘तुमि’ आणि ‘तुइ’ अशी तीन दारे आहेत, आणि कोणत्या दाराने शिरायचे हे बोलणाऱ्यांच्या पगारावरून ठरते. यादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना आम्ही सर्वनामांच्या अनुवादावर तासन्‌तास वाद घालत असू. तेव्हा तो व्याकरणाचा प्रश्न वाटे. हा चित्रपट पाहताना कळते की तो कचेरीचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांत मंडळी मध्येच इंग्रजीवर का उतरतात, याचे एक कारण हेही असावे: तिथे सर्वनाम निवडण्याची जबाबदारी टळते.

निकल्स यांना इंग्रजीतही ही फट दाखवता आली आहे, ती शब्दांऐवजी देहांच्या मांडणीतून. पाहुण्यांसाठी कॅथरिनने दिलेल्या पार्टीत ‘सहकारी’ टेस डिम-समची गाडी ढकलत फिरते आणि सगळ्यांना विचारते, घेणार का? दुसऱ्या एका प्रसंगात कॅथरिन स्कीइंगचे बूट पायात घालून बसली आहे आणि आपल्या लग्नाच्या बेताविषयी मैत्रिणीशी बोलावे तशी बोलते आहे. ऐकणारी टेस खाली वाकून त्या बुटांशी झटापट करते आहे. एकीचे ‘आपण दोघी’ चालू असताना दुसरी पायाशी आहे. चौकटीत असे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दिसत असताना संवादात ते नसले तरी चालते.

कॅथरिन कल्पना चोरते, हे आपण लगेच ओळखतो. टेस काय करते ते जरा मोजून पाहा. ती कॅथरिनचा आवाज घेते, पोशाख घेते, घर वापरते, तिच्या टेबलाशी बसते, तिच्या नावाच्या वजनावर भेटी ठरवते, आणि शेवटी कॅथरिन ज्याच्याशी लग्न करणार होती तो पुरुषही तिच्याकडेच येतो. घेतलेल्या वस्तूंची यादी केली तर टेसचीच लांब होईल. तरीही प्रेक्षक एका घेण्याला चोरी म्हणतो आणि दुसऱ्याला धडाडी. टेस गोड आहे आणि कॅथरिन अहंकारी, एवढ्याने हा फरक पटत नाही. चित्रपटाने त्यासाठी एक कसोटी ठेवली आहे, आणि तीच मला त्याची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

व्यवहाराच्या बैठकीत कॅथरिन कुबड्या घेऊन शिरते, टेस ही माझी सेक्रेटरी आहे आणि तिने माझी कल्पना पळवली असा आरोप करते. टेस निमूटपणे निघून जाते. पुढे इमारतीच्या खालच्या मजल्यावर सगळे समोरासमोर येतात, टेसला लिफ्टमध्ये ट्रास्कशी बोलायची संधी मिळते, आणि तिथे ती सांगते की रेडिओचा विचार तिला कसा सुचला. एका चटपटीत दैनिकाच्या समाजवार्तांच्या पानावर ट्रास्कच्या मुलीविषयी मजकूर होता, त्याला लागूनच एका लोकप्रिय रेडिओ-निवेदकाची बातमी होती. दुसरीकडे व्यापारविषयक मासिकात ट्रास्क माध्यमांत शिरू पाहतो आहे असे छापून आले होते. ट्रास्क, रेडिओ, ट्रास्क, रेडिओ. दोन कात्रणे शेजारी आली आणि तिसरी गोष्ट जन्मली. मग ट्रास्क कॅथरिनला तेवढेच विचारतो: तुला हे सुचले कुठून? तिला उत्तर देता येत नाही. कागदपत्रे पाहावी लागतील, असे काहीतरी ती पुटपुटते.

ही कसोटी मालकीची नाही, मागोव्याची आहे. कल्पना कोणाच्या नावे नोंदली आहे हे ट्रास्क विचारत नाही; तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने आलात ते दाखवा, म्हणतो. टेसचे वाचन पाहा. ती सगळे वाचते: गावगप्पांची पाने, फॅशनची मासिके, बाजाराच्या बातम्या. चांगली कल्पना कुठून येईल सांगता येत नाही, असे तिचे मत. उच्चभ्रू कॅथरिन यातले निम्मे हातातही धरणार नाही. म्हणजे जी गोष्ट टेसला कनिष्ठ ठरवते, तिचे ते बेशिस्त, स्वस्त, बोटीवरचे वाचन, तीच तिच्या कल्पनेची खाण आहे. वर्गाची खूण आणि बुद्धीचा पुरावा एकच निघतो. विनोदी चित्रपटाच्या उत्कर्षबिंदूला दोन कात्रणे ठेवणे हे धाडसाचे काम आहे, आणि पटकथाकार केव्हिन वेड यांनी ते सहज निभावून नेले आहे.

माझ्या व्यवसायात हा प्रश्न रोजचा आहे, म्हणून कदाचित मी या प्रसंगाशी जास्त रेंगाळते. अनुवादक हा सेक्रेटरीचाच भाऊबंद. दुसऱ्याचे बोलणे तो टिपून घेतो, नीट करतो, आणि स्वाक्षरी दुसऱ्याची होते. एका प्रकाशनाने माझ्या एका अनुवादावरचे माझे नाव मुखपृष्ठावर घातलेच नाही. आत चौथ्या पानावर, छपाईच्या तपशिलाखाली ते होते. परीक्षण आले त्यात मूळ लेखकाच्या ‘ओघवत्या मराठीचे’ कौतुक होते. मूळ लेखकाला मराठी येत नाही. मला राग आला तो नावापेक्षा याचा, की ती मराठी कुठून आली हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही. ट्रास्कने विचारलेला प्रश्न आमच्या दुनियेत कोणी विचारत नाही. विचारला तर आमच्याकडेही कात्रणे असतात: टाकून दिलेले सात पर्याय, आजीकडून ऐकलेला एखादा शब्द, शेजारच्या भाषेतल्या अनुवादकाने काढलेली वाट.

आता चित्रपटाच्या उण्या बाजूकडे. १९८० मध्ये ‘नाइन टू फाइव्ह’ नावाचा विनोदी चित्रपट आला होता. जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली पार्टन त्यात कारकुनी करणाऱ्या तीन बायका होत्या. कचेरीतल्या स्त्रियांनी १९७३ मध्ये बॉस्टनला याच नावाची संघटना उभारली होती, आणि चित्रपटाची प्रेरणा तिथली. त्यातही वरिष्ठ हाताखालच्या बाईची कल्पना स्वतःच्या नावावर खपवतो. तो वरिष्ठ पुरुष आहे. त्याला अडकवून ठेवून तिघी कचेरी चालवतात आणि कामाच्या लवचीक वेळा, पाळणाघर, समान वेतन असे बदल घडवून आणतात. आठ वर्षांनी ‘वर्किंग गर्ल’मध्ये दोन गोष्टी बदलल्या आहेत. चोर पुरुष होता तो स्त्री झाला आहे, आणि तिघींचा लढा एकटीचा झाला आहे. मधली वर्षे रेगन यांच्या राजवटीची, कंपन्या गिळण्याच्या व्यवहारांची. टेस जिंकते तेव्हा कचेरीतला एकही नियम बदलत नाही. ती एकटी एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाते.

न्याय होतो तोही मालकाच्या मर्जीने. शेवटी दाद मागायला पाटलाच्या ओसरीवरच जावे लागते. ट्रास्क सज्जन निघाला म्हणून टेस वाचली. तो त्या दिवशी घाईत असता तर कात्रणे तिच्या पर्समध्येच राहिली असती. शिवाय कॅथरिनला हाकलताना चित्रपट तिच्या चोरीवर थांबत नाही. तिच्या हाडकुळ्या देहावरून तिचा पाणउतारा होतो आणि आपण हसावे अशी अपेक्षा असते. लट्झने टेसला देह म्हणून वागवले तो अपमान होता, हे ज्या चित्रपटाने आपल्याला पहिल्या अर्ध्या तासात शिकवले, तोच शेवटी एका स्त्रीचा हिशोब तिच्या देहावर चुकता करतो. वीव्हर यांनी ही भूमिका इतक्या रुबाबात केली आहे, की आपण कॅथरिनचा दुसरा चित्रपट मनात कल्पू शकतो. त्यात ती पुरुषांच्या गोतावळ्यात एकटी वर चढलेली असेल, तिच्याही कल्पना आधी कोणीतरी लाटलेल्या असतील. हा चित्रपट तिला ते भूतकाळाचे दोन शब्दही देत नाही.

आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. एच. जी. राधादेवी यांच्या कन्नड कादंबरीवरून १९८६ मध्ये राजकुमार यांचा ‘अनुराग अरळितु’ आला. १९९२ मध्ये तीच कथा तमिळमध्ये ‘मन्नन’ झाली, रजनीकांत आणि विजयाशांती यांची. त्याच वर्षी तेलुगूत ‘घराना मोगुडु’, चिरंजीवी आणि नगमा यांची. आणि १९९४ मध्ये हिंदीत ‘लाडला’, अनिल कपूर आणि श्रीदेवी यांचा. आठ वर्षांत चार भाषा. कारखान्याची मालकीण, तिच्या हाताखालचा स्वाभिमानी कामगार, दोघांचे लग्न, आणि शेवटी उतरलेला तिचा ताठा. या चारही चित्रपटांत कारखाना चालवण्याची तिची अक्कल हा कथेचा विषय होत नाही. विषय होतो तो तिच्या मानेचा कोन. ती वाकली की चित्रपट संपतो. भारतीय भाषांमध्ये एवढ्या झपाट्याने आणि एवढ्या यशाने अनुवादित झालेल्या साहित्यकृती फार थोड्या असतील, आणि या अनुवादात कोणालाच सर्वनामांची अडचण आली नाही. तिने शेवटी नवऱ्याला काय म्हणायचे हे चारही भाषांना आधीच ठाऊक होते.

त्या मानाने ‘वर्किंग गर्ल’ अधिक उदार आहे, हे मान्य करायला हवे. टेसची महत्त्वाकांक्षा तिला सोडावी लागत नाही, तिची शिक्षा होत नाही. मात्र शिक्षा चित्रपटातून नाहीशीही होत नाही. ती कॅथरिनच्या वाट्याला जाते. महत्त्वाकांक्षी स्त्रीचे दोन भाग केले आहेत. एकीला प्रेक्षकांचे प्रेम, दुसरीला त्यांची भीती. श्रीदेवींच्या नायिकेत ताठा आणि शरणागती एकाच देहात बसवावी लागली. निकल्स यांच्याकडे त्यासाठी दोन नट्या होत्या.

प्रेमकथेबद्दल फार लिहावे असे नाही, पण जॅक ट्रेनरवर अन्याय नको. तो कचेरीच्या काचेच्या खोलीत शर्ट बदलतो आणि बाहेरच्या बायका टाळ्या वाजवतात, हा प्रसंग आजही हसवतो, कारण पाहणाऱ्या नजरेची दिशा त्यात एका झटक्यात उलटी फिरते. जॅकही धास्तावलेला आहे. बऱ्याच दिवसांत त्याचा व्यवहार जमलेला नाही, आणि टेसची कल्पना त्यालाही तारते. दोघे प्रेमात पडतात ते काम करता करता, आणि ही प्रणयकथांमध्ये दुर्मीळ गोष्ट आहे. नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तो तिला जेवणाचा डबा भरून देतो. आपल्या डोळ्यांना त्या डब्यात जरा जास्तच दिसते, कारण डबा कोणी कोणासाठी भरायचा याचे आपल्याकडचे संकेत पक्के आहेत. तरीही नोंद घ्यायला हवी: श्रेयाविषयीच्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नायिकेच्या आधी फोर्ड यांचे नाव येते.

माझ्या मते टेसचे सगळ्यांत अवघड नाते सिनशी आहे. जोन क्यूसॅक यांनी रंगवलेली ही बोटीवरची मैत्रीण, केस फुगवलेली, पापण्या रंगवलेली, वाढदिवसाला केक घेऊन येणारी. टेसचे सोंग वठावे म्हणून सिन तिची सेक्रेटरी होण्याचे नाटक करते, म्हणजे टेस जे लपवते आहे तेच ती उघडपणे वठवते. तीच टेसला सुनावते, की मी कधी घरात नाचते-गाते म्हणून मॅडोना होत नाही, कधी होणारही नाही. चित्रपट टेसच्या बाजूने असल्यामुळे हे वाक्य आपण भित्रेपणात जमा करतो. ते तसे नाही. पाण्याच्या अलीकडे राहणाऱ्यांचे ते शहाणपण आहे, आणि टेस जो आवाज मागे टाकते तो सिनचा आवाज आहे. उत्तम अनुवादातही असे होते. वाचक म्हणतो, अनुवाद वाटतच नाही. आणि त्या कौतुकात मूळ मातीचा उच्चार पुसून गेल्याची बातमी असते. ग्रिफिथ यांच्या अभिनयाचे मोठेपण असे, की शेवटपर्यंत त्यांचा नवा आवाज पुरता बसत नाही. अडचणीच्या क्षणी स्टेटन आयलंड वर येते. त्या तसे होऊ देतात.

शेवटच्या दृश्यात टेस ट्रास्कच्या कंपनीत रुजू होते. खोलीत एक बाई टेबलाशी बसून फोनवर बोलते आहे. टेसला वाटते, ही आपली साहेबीण, आपले टेबल बाहेरचे. खुलासा होतो तो उलट: खोली टेसची आहे आणि ती बाई, अ‍ॅलिस, तिची सेक्रेटरी. आपल्याकडून काय अपेक्षा आहेत, असे अ‍ॅलिस विचारते. टेस तिला नावाने हाक मारायला सांगते, कॉफी स्वतःसाठी आणत असशील तरच माझ्यासाठी आण म्हणते, बाकीचे पुढे ठरवत जाऊ म्हणते. मग सिनला फोन लागतो, तिकडे कचेरीभर जल्लोष होतो, आणि कॅमेरा खिडकीबाहेर मागे मागे सरकत जातो. टेसची खिडकी शेकडो खिडक्यांतली एक होते, आणि ती इमारत कित्येकांतली एक. या दृश्याला कोणी विजय म्हणतात, कोणी उपरोध. मला ते दोन्ही एकाच वेळी दिसते, आणि निकल्स यांनी निवड प्रेक्षकावर सोडली आहे.

अनुवादकाला मात्र ती सोय नाही. टेसचे अ‍ॅलिसशी बोलणे कॅथरिनच्या पहिल्या दिवसाच्या बोलण्याशी किती मिळतेजुळते आहे, हे इंग्रजी ऐकताना चटकन लक्षात येत नाही. मराठीत लिहायला घेतले की दोन्ही प्रसंग एकाच जागी अडतात. अ‍ॅलिस टेसला ‘तुम्ही’ म्हणेल; पहिला दिवस आहे, दुसरे काय म्हणणार. प्रश्न टेसचा आहे. ती ‘तू’ म्हणाली, तर कॅथरिनची खुर्ची रिकामी राहिलेली नाही, भरली आहे. ‘तुम्ही’ म्हणाली, तर तिला काहीतरी वेगळे करायचे आहे, निदान आजच्या दिवसापुरते. मी संवाद लिहायला बसले तर त्या ओळीत ‘तुम्ही’ घालीन. मूळ इंग्रजीत याला आधार नाही. आधार फक्त कॉफीच्या त्या एका वाक्याचा आहे, आणि मला हे सुचले कुठून असे कोणी विचारले, तर दाखवायला माझ्याकडे तेवढे एकच कात्रण आहे.